आकडा बदलला, पण गाठ बदलली का?

परदेशातल्या मराठी घरांमध्ये गेल्या काही वर्षांत एक कागद फार ओळखीचा झाला आहे: सीटी स्कॅनचा रिपोर्ट. आई-बाबांची तपासणी पुण्यात, नाशकात किंवा सांगलीत होते. रिपोर्टची पीडीएफ व्हॉट्सॲपवर येते आणि डॅलस, लेस्टर, दुबई अशा तीन ठिकाणी एकाच वेळी वाचली जाते. वैद्यकीय शब्दांच्या गर्दीत डोळे थांबतात ते आकड्यांवर. 'उजव्या फुप्फुसात ७ मिलिमीटरची गाठ, मागच्या वेळी ६ मिलिमीटर.' झालं! फोनाफोनी सुरू होते. "दादा, वाढलीय म्हणे." कुणी विमानाची तिकिटं बघायला लागतं, कुणी गूगलवर बसतं. आईला सांगायचं की नाही, यावर भावंडांमध्ये वाद होतो.

या सगळ्या गोंधळात एक साधा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. आकडा बदलला हे खरं, पण गाठ बदलली आहे का? की फक्त मोजमाप बदललं आहे?

माझं काम वैद्यकीय भौतिकशास्त्रातलं असल्यामुळे महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात असा रिपोर्ट फोनवर दाखवून "जरा बघ ना" म्हणणारे बरेच भेटतात. उपचाराचा सल्ला देणं माझं काम नाही, तो डॉक्टरांनीच द्यायचा. पण सीटीतून निघणारा आकडा किती भरवशाचा असतो, हा विषय मात्र आमच्या क्षेत्राचाच आहे. जगभर त्यावर बरंच संशोधन झालं आहे आणि त्यातलं थोडं प्रत्येक कुटुंबाला माहीत असायला हवं.

पाणी शून्य, हवा उणे हजार

सीटी स्कॅनरचे जनक गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे ब्रिटनमधल्या ईएमआय या कंपनीत इंजिनिअर होते. एचएमव्हीच्या तबकड्या काढणारी, आपल्या घराघरांत पोहोचलेली ग्रामोफोन कंपनी याच समूहातली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी काढला गेला. तेव्हा एक चित्र ८० बाय ८० चौकोनांचं होतं. आज ते साधारण ५१२ बाय ५१२ चं असतं. हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना या कामासाठी १९७९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

सीटीचं चित्र म्हणजे खरं तर आकड्यांचा तक्ता असतो. क्ष-किरणांची नळी शरीराभोवती फिरते, समोरचे संवेदक किती किरण आरपार आले ते मोजतात आणि संगणक गणित करून प्रत्येक चौकोनाला एक आकडा देतो. या मापाला हाउन्सफील्ड एकक म्हणतात. पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे १०० च्या आसपास, स्नायू साधारण ४० ते ६०, आणि हाड काही शेकड्यांपासून हजाराच्याही पुढे.

या आकड्यांवर रोज निर्णय होतात. उदाहरणार्थ, मूत्रपिंडाच्या वर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथीत गाठ दिसली आणि रंगद्रव्य न देता काढलेल्या सीटीत तिचा आकडा १० किंवा त्याहून कमी आला, तर ती बहुधा चरबीयुक्त, निरुपद्रवी गाठ मानली जाते. आकडा वर गेला की पुढच्या तपासण्या मागे लागतात. आता हे बघा: अमेरिकेत रेडिओलॉजी कॉलेजची मान्यता मिळवण्यासाठी सीटी यंत्राने पाण्याचा आकडा उणे ७ ते अधिक ७ या मर्यादेत दाखवायला हवा. म्हणजे उत्तम निगा राखलेल्या यंत्रालाही शून्याच्या आसपास एवढी मुभा असते. मग ९ आणि १२ यांच्यामधल्या फरकावर किती जीव टांगायचा, हे रेडिओलॉजिस्टला ठाऊक असतं. पीडीएफ वाचणाऱ्याला नसतं.

आकडा हलतो कशामुळे?

पहिलं कारण कापाची जाडी. कलिंगडाच्या पातळ फोडी केल्या तर एकेक बी स्पष्ट दिसते. जाड फोड केली तर बी आत दडते, किंवा कडेला अर्धवट दिसते. सीटीतही तसंच. ५ मिलिमीटरच्या जाड कापात ६ मिलिमीटरची गाठ आणि तिच्या भोवतालची हवा यांची सरासरी होते. कड पुसट होते, आकडा खाली येतो. एक मिलिमीटरच्या कापात तीच गाठ वेगळी दिसते.

दुसरं कारण म्हणजे चित्र तयार करताना वापरलेला फिल्टर. फोनवर काढलेल्या फोटोला एक फिल्टर लावला तर चेहरा गुळगुळीत होतो, दुसरा लावला तर प्रत्येक सुरकुती दिसते. सीटीतही 'मऊ' आणि 'तीक्ष्ण' असे फिल्टर असतात. मऊ फिल्टर यकृतासारख्या अवयवांसाठी बरा, तीक्ष्ण फिल्टर फुप्फुस आणि हाडांसाठी. स्कॅन एकच, रुग्ण तोच, पण फिल्टर बदलला की कडा आणि दाणेदारपणा बदलतो. प्रत्येक कंपनीचे फिल्टर वेगळे आणि त्यांची नावंही वेगळी.

तिसरं, नळीचा व्होल्टेज. किरणोत्सर्ग कमी व्हावा म्हणून आता अनेक ठिकाणी १२० ऐवजी १०० किंवा ८० किलोव्होल्ट वापरतात. हेतू चांगलाच आहे, पण कमी व्होल्टेजला कॅल्शियम आणि आयोडीन जास्त उजळ दिसतात. चौथं, शिरेतून दिलेलं रंगद्रव्य. ते दिल्यावर किती सेकंदांनी स्कॅन केला, यावर गाठीचा उजळपणा ठरतो. आणि पाचवं कारण आपण स्वतः. श्वास किती भरून धरला, हात वर होते की खाली, दोन स्कॅनच्या मध्ये वजन किती वाढलं, सगळ्याचा थोडाथोडा परिणाम होतो.

पंधरा मिनिटांचा प्रयोग

या हलण्याचा अंदाज घेणारा एक सुंदर प्रयोग न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रात झाला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा कर्करोग असलेल्या ३२ रुग्णांचा सीटी काढला, त्यांना टेबलावरून उतरवलं आणि साधारण पंधरा मिनिटांत पुन्हा त्याच पद्धतीने स्कॅन केला. पंधरा मिनिटांत गाठ वाढत नाही आणि आटतही नाही. म्हणजे जो काही फरक येईल तो मोजमापाचाच.

संगणकाने मोजलं तेव्हा लांबीत साधारण सात टक्क्यांपर्यंत आणि घनफळात बारा-तेरा टक्क्यांपर्यंत वर-खाली झालं. पुढे याच चित्रांवर रेडिओलॉजिस्टनी हाताने मापं घेतली, तेव्हा निम्म्याहून जास्त गाठींच्या मापात एक मिलिमीटर किंवा त्याहून अधिक फरक आला. आणि हे सगळं एकाच रुग्णालयात, एकाच पद्धतीने. पहिला स्कॅन कोल्हापुरात आणि दुसरा मुंबईत झाला असेल तर काय, याचा विचार करा.

आता आपल्या '६ चे ७' कडे येऊ. छातीच्या सीटीत एका चौकोनाची बाजू साधारण ०.७ मिलिमीटर असते. म्हणजे एक मिलिमीटरची वाढ म्हणजे जेमतेम दीड चौकोन. शिवाय रिपोर्टात पूर्णांकच लिहितात. आधीची गाठ ६.४ आणि आताची ६.६ असेल तरी कागदावर '६ चे ७' होणार, आणि घनफळातली वाढ मात्र फक्त १० टक्के. उलट आधीची ५.५ आणि आताची ७.४ असेल, तरीही कागदावर '६ चे ७' च. पण तेव्हा घनफळ जवळजवळ अडीचपट झालेलं असेल! कागदावरचे शब्द तेच, अर्थ पूर्ण वेगळे. म्हणूनच ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये पातळ कापांवर संगणकाने घनफळ मोजण्यावर भर आहे आणि २५ टक्के किंवा अधिक वाढ झाली तरच ती खरी वाढ मानतात.

याचा अर्थ 'आकडे खोटे असतात, सोडून द्या' असा कुणी घेऊ नये. खरी वाढ दुर्लक्षित झाली तर त्याची किंमत फार मोठी असते. मोजमापाची चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. स्थिर गाठ वाढलेली दिसू शकते, तशी वाढलेली गाठ 'स्थिर' म्हणून सुटूही शकते.

चित्राचा पोत

लांबी-रुंदीचं हे असं. पण गेल्या दशकात संशोधक त्याच्या बरेच पुढे गेले. त्यांचं म्हणणं असं, की गाठीच्या चित्रात डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा कितीतरी जास्त माहिती आहे. ती आकड्यांत काढा आणि त्यावरून रोगाचं भाकीत करा. या शास्त्राला रेडिओमिक्स म्हणतात. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टच्या संशोधकांनी २०१२ मध्ये एका लेखात हा शब्द पुढे आणला.

यातली गंमत 'पोत' या कल्पनेत आहे. समजा दोन रांगोळ्या आहेत. दोन्हींत पांढरा आणि लाल रंग तितकाच वापरला आहे. एकीत रंगांचे मोठे पट्टे आहेत, दुसरीत बारीक ठिपके. सरासरी रंग काढला तर दोन्ही सारख्याच. पण शेजारी-शेजारी कोणते रंग येतात हे मोजलं, तर फरक लगेच कळतो. रॉबर्ट हॅरालिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये असं शेजाराचं गणित मांडलं. तेव्हा ते वालुकाश्माची सूक्ष्म छायाचित्रं, हवाई छायाचित्रं आणि उपग्रहाची चित्रं ओळखण्यासाठी होतं. चाळीस वर्षांनी तेच गणित माणसाच्या गाठींवर चालू लागलं.

२०१४ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात एक गाजलेला लेख आला. फुप्फुस आणि डोकं-मान यांच्या कर्करोगाच्या १०१९ रुग्णांच्या सीटीतून ४४० वैशिष्ट्यं काढली, त्यातली चार निवडली आणि त्यावरून रुग्ण किती काळ जगेल याचा अंदाज बांधता येतो असं दाखवलं. केवढी मोठी आशा! सुई न टोचता, गाठीचा तुकडा न काढता तिचा स्वभाव कळणार. जगभर शेकडो गट कामाला लागले.

रबराचे तुकडे आणि विस्कटलेले चौकोन

मग प्रश्न विचारणारे पुढे आले. टेक्सासमध्ये ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातल्या गटाने एक साधं उपकरण बनवलं. त्यात एकापाठोपाठ दहा ठोकळे बसवले. लाकूड, बूच, रबराचा चुरा, ॲक्रिलिक, त्रिमितीय छपाईने केलेली प्लॅस्टिकची जाळी असे वेगवेगळ्या पोतांचे. अशा चाचणीच्या वस्तूला आम्ही फँटम म्हणतो. हा फँटम चार कंपन्यांच्या मिळून १७ स्कॅनरवर नेला. २०१५ मध्ये निष्कर्ष आले. रबराच्या चुऱ्याचा पोत फुप्फुसाच्या गाठीशी बराच जुळत होता. आणि तोच रबराचा ठोकळा वेगवेगळ्या स्कॅनरवर जितका वेगळा दिसत होता, तो फरक काही वैशिष्ट्यांच्या बाबतीत वेगवेगळ्या रुग्णांच्या गाठींमधल्या फरकाच्या तोडीचा होता. सोप्या भाषेत सांगायचं तर, आपण रोग मोजतोय की यंत्राची कंपनी, हेच कळत नव्हतं.

दुसरा धक्का २०१९ मध्ये बसला. एका गटाने २०१४ मधल्या त्या गाजलेल्या चार वैशिष्ट्यांची फेरतपासणी केली. त्यांनी गाठीची बाह्यरेषा तशीच ठेवली आणि आतले आकडे पत्ते पिसावेत तसे पिसले. पोत पूर्ण विस्कटला. तरीही भाकीत पहिल्याइतकंच बरोबर येत राहिलं! कारण शोधल्यावर निघालं ते असं, की चारपैकी तीन वैशिष्ट्यांचा गाठीच्या घनफळाशी घट्ट संबंध होता. म्हणजे एवढं गणित करून कळत होतं ते इतकंच, की मोठी गाठ वाईट. ते तर कुणीही डॉक्टर सांगेल.

या प्रकरणाची चांगली बाजूही नोंदवायला हवी. मूळ संशोधकांनी रुग्णांची चित्रं सर्वांसाठी खुली केली होती, म्हणून तर ही फेरतपासणी शक्य झाली.

दरम्यान, शिस्त आणण्याचं कामही सुरू होतं. एकाच वैशिष्ट्याचं नाव एक, पण दोन सॉफ्टवेअर त्याची उत्तरं वेगळी देतात, असा प्रकार सर्रास होता. त्यावर २५ संशोधन गटांनी एकत्र येऊन एकच चित्र घेतलं, तेच गणित केलं आणि सर्वांचं उत्तर जुळेपर्यंत व्याख्या घासूनपुसून घेतल्या. २०२० मध्ये 'रेडिओलॉजी' नियतकालिकात त्यांचा निकाल आला: १७४ पैकी १६९ वैशिष्ट्यांवर एकमत झालं. स्कॅनरमधला फरक गणिताने काढून टाकण्यासाठी जनुकशास्त्रातली एक पद्धतही उसनी घेतली गेली. काम पुढे सरकतंय, पण स्वयंपाकघरात अजून भांडी घासणं चालू आहे. पंगत बसायला वेळ आहे.

कॅल्शियम स्कोअरचं काय?

रेडिओमिक्स प्रयोगशाळेतलं वाटेल, पण सीटीतला एक आकडा मात्र आपल्यातल्या अनेकांच्या फाइलमध्ये आहे. हृदयाच्या धमन्यांचा कॅल्शियम स्कोअर. अमेरिकेच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक तत्त्वांत दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक मानला आहे, त्यामुळे इथले डॉक्टर आपल्या लोकांना ही तपासणी बऱ्याचदा सुचवतात.

हा स्कोअर १९९० मध्ये ॲगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी मांडला. १३० पेक्षा कमी आकड्याचे चौकोन सोडून द्यायचे. उरलेल्या डागाचा सर्वांत उजळ आकडा १३० ते १९९ असेल तर क्षेत्रफळाला एकने गुणायचं, २०० ते २९९ असेल तर दोनने, ३०० ते ३९९ ला तीनने, ४०० च्या पुढे चारने. नीट बघा: सर्वांत उजळ चौकोन १९९ वरून २०१ वर गेला, तर त्या डागाचा स्कोअर एकदम दुप्पट! म्हणूनच ही तपासणी १२० किलोव्होल्ट आणि ३ मिलिमीटरचे काप अशा ठरलेल्या पद्धतीनेच करायची असते. २०१४ मधल्या एका अभ्यासात मृत व्यक्तींची १५ हृदयं चार कंपन्यांच्या स्कॅनरवर तपासली, तर स्कोअरमध्ये लक्षणीय फरक आला.

त्यामुळे दुबईत ९५ आणि पुण्यात ११० आले, तर लगेच 'दोन महिन्यांत ब्लॉकेज वाढलं' असं म्हणू नये. शून्य, शंभराच्या आत, शंभर ते चारशे आणि त्यापुढे अशा टप्प्यांचा अर्थ मोठा, टप्प्यातल्या चार-पाच आकड्यांचा छोटा. आणखी एक गोष्ट: स्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये स्कोअर वाढलेला दिसू शकतो, कारण धमनीतला मऊ थर घट्ट होऊन त्यात कॅल्शियम साठतं. तेवढ्यावरून परस्पर गोळी बंद करू नका.

परक्या मापाने आपली गाठ

आता भारतातल्या रुग्णालयांतही सीटीवर कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रोग्राम चालू लागले आहेत. 'या गाठीत कर्करोगाची शक्यता अमुक टक्के' असा आकडा रिपोर्टात येऊ शकतो. इथे एक जादा सावधगिरी हवी. जगातल्या क्षयरोगाच्या रुग्णांपैकी साधारण पाव हिस्सा भारतात आहे. जुना क्षय बरा झाल्यावर फुप्फुसात छोट्या गाठी राहतात. आपल्या आई-वडिलांच्या पिढीत त्या बऱ्याच जणांना आहेत आणि अनेकांना आपल्याला कधी क्षय झाला होता हे माहीतही नसतं. अमेरिका, कॅनडा किंवा युरोपातल्या सिगारेट ओढणाऱ्यांच्या स्कॅनवर शिकलेल्या प्रोग्रामला अशा गाठी फारशा भेटलेल्या नसतात. यंत्र वेगळं आणि रोगांचा इतिहासही वेगळा, असा दुहेरी फरक तिथे पडतो.

घरच्यांनी काय करावं?

पहिलं, पीडीएफवर थांबू नका. केंद्राकडून मूळ चित्रं डायकॉम स्वरूपात, म्हणजे सीडी, पेनड्राइव्ह किंवा लिंकवर मागून घ्या. कापाची जाडी, व्होल्टेज, फिल्टर, यंत्राचं नाव हे सगळं त्या फाइलमध्ये नोंदलेलं असतं. फिल्म खिडकीला लावून काढलेल्या फोटोवरून कुणीही माप घेऊ शकत नाही. आणि त्या फाइलमध्ये रुग्णाचं नाव आणि जन्मतारीखही असते, म्हणून ती कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका.

दुसरं, पुन्हा स्कॅन करायचा असेल तर शक्यतो त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने. पाचशे रुपये वाचतात म्हणून दुसरीकडे गेलात तर तुलना करणं अवघड होतं.

तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं, जुना आणि नवा स्कॅन एकाच रेडिओलॉजिस्टला द्या आणि दोन्ही शेजारी ठेवून स्वतः मोजायची विनंती करा. मागच्या रिपोर्टातला आकडा नुसता उतरवून घेतलेला नको. फक्त मागचाच नाही, तर मिळेल तितका जुना स्कॅन शोधा. बाबांच्या कपाटात २०१६ च्या एखाद्या तपासणीची सीडी असेल आणि त्यात हीच गाठ एवढीच दिसली, तर सगळं चित्र पालटतं.

चौथं, डॉक्टरांना सरळ विचारा: "डॉक्टर, हा फरक मोजमापाच्या चुकीपेक्षा जास्त आहे का?" चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही. प्रोग्रामने दिलेली टक्केवारी असेल तर तो भारतीय रुग्णांवर तपासला आहे का, हेही विचारा.

पाचवं, आकड्यावर विश्वास बसत नाही म्हणून पुढच्याच आठवड्यात दुसरा सीटी काढू नका. त्यात किरणोत्सर्ग आहे, आणि गाठीला बदलायला वेळ दिल्याशिवाय दुसऱ्या स्कॅनमधून काही कळत नाही. डॉक्टरांनी तीन महिने सांगितले असतील तर तीन महिने. 'आकडे हलतातच' म्हणून ती तारीख चुकवणं मात्र सर्वांत वाईट.

आणि खोकल्यातून रक्त पडत असेल, वजन उतरत असेल, धाप लागत असेल, तर मिलिमीटरचा हिशेब बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जायला सांगा. ते आई-बाबांना फोनवर विचारल्याशिवाय कळत नाही. रिपोर्ट मागण्याआधी "बाबा, तुम्हाला बरं वाटतंय ना? जेवण जातंय का?" एवढं विचारून घ्यावं. त्या उत्तराचाही डॉक्टरांना उपयोग होतो.